डुक्कर घरी कापा, पण आजारी कापू नका

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की गोव्यात गावोगावी परसातल्या डुकरावर सुरी फिरते. मागून लग्नसराई, मग कार्निव्हल, आणि उन्हाळ्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, चोरीस (डुकराच्या मांसाची सॉसेज). या दिवसांत दोन मते हमखास कानावर पडतात. एक म्हणते, घरची कत्तल सरसकट बंद करा, रोगराई तिथूनच पसरते. दुसरे म्हणते, वाडवडिलांपासून चालत आले आहे, सरकारने परसात नाक खुपसू नये. पहिले अमलात येण्यासारखे नाही. बंदी घातली तर कत्तल दिवसाऐवजी रात्री होईल, इतकेच. दुसरे आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाच्या काळात परवडणारे नाही. खरा धोका आहे तो डुक्कर आजारी दिसले की ‘मरायच्या आत कापून घ्या’ या सवयीत. ती सवय मोडली तर घरच्या कत्तलीचे बाकीचे प्रश्न दोन बादल्या, एक खड्डा आणि थोड्या शिस्तीने सुटणारे आहेत.

नावामुळे होणारा गोंधळ आधी दूर करतो. या रोगाचा स्वाइन फ्लूशी काडीचा संबंध नाही. माणसाला तो होत नाही. डुकरांत मात्र मृत्यूचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ जाते, त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे वापरात असलेली लसही नाही. देशात तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात उघडकीस आला, २०२१ मध्ये मिझोरामात आणि जुलै २०२२ मध्ये केरळात वायनाडला पोचला. ईशान्येकडून वायनाडपर्यंतचे हे अंतर डुकरे चालून गेलेली नाहीत. हा विषाणू गाडीच्या हौद्यातून, बुटांच्या तळव्यांवरून आणि खरकट्याच्या डब्यातून जातो, म्हणजे माणूस नेतो तिथे जातो.

पोर्तुगालचा इतिहास आपल्याकडे वेगवेगळ्या कारणांनी चघळला जातो, हे प्रकरण मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असते. १९५७ साली अंगोलातून हा रोग लिस्बनला आला, तो विमानातल्या उरलेल्या अन्नातून. विमानतळाजवळच्या डुकरांना ते घातले जात होते. तो फटका आवरला, पण १९६० मध्ये रोग पुन्हा शिरला, आणि पोर्तुगाल-स्पेनला त्यातून सुटायला नव्वदचे दशक उजाडले. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तो १९७८ मध्ये आला. युरोपीय संघाने तिथले निर्बंध उठवले ते थेट २०२४ मध्ये. इतकी वर्षे लागण्याची मोठी कारणे दोन: मोकाट फिरणारी डुकरे आणि कुठेही नोंद न होता घरोघरी होणारी कत्तल. सासष्टी किंवा काणकोणच्या माणसाला हे वर्णन परके वाटू नये.

आता आजारी डुक्कर कापण्यात नेमके वाईट काय, ते पाहू. ताप चढलेला असतो तेव्हा विषाणूचा सर्वांत मोठा साठा रक्तात असतो. जनावर अखंड मेले आणि तसेच खोल पुरले, तर तो साठा बराचसा कातडीच्या आत बंद राहतो. सुरी लावली की शंभर किलोच्या डुकराचे तीन-साडेतीन लिटर रक्त अंगणात येते. शीतकपाटाच्या तापमानाला रक्तात हा विषाणू दीड वर्ष टिकल्याच्या नोंदी आहेत. गोठवलेल्या मांसात तो वर्षानुवर्षे टिकतो. नुकसान भरून काढायला ते मांस स्वस्तात पंधरा घरांत वाटले जाते, प्रत्येक घरात ते धुतलेले पाणी, हाडे, चरबीचे तुकडे शेवटी कुणाच्या तरी डुकराच्या डोणीत पडतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी पलीकडच्या वाड्यावर डुकरे मरू लागली की लोक म्हणतात, हवेतून आला असेल.

कापण्याआधी तीन दिवस कळपावर लक्ष ठेवायचे. खाण्यावरून मन उडणे, एकमेकांना चिकटून पडून राहणे, मागचे पाय लटपटणे, उलटी, रक्ताची हगवण, गाभण मादी गाभडणे; गोऱ्या कातडीच्या डुकरात कान, शेपूट, पोट आणि पायांच्या खालच्या भागावर लाल-जांभळे चट्टे. काळ्या गावठी डुकरात चट्टे दिसत नाहीत, म्हणून थर्मामीटरला पर्याय नाही. घरातला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो (डुकरासाठी वेगळा ठेवावा, हे सांगायला नको). तेल लावून गुदद्वारात, दोन मिनिटे. निरोगी डुकराचे तापमान १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. १०४ च्या वर गेले तर कापायचे नाही. मात्र हे सकाळी, जनावर शांत असताना मोजायचे. दोर टाकून अंगणभर पळवल्यावर मोजले तर निरोगी डुकरातही ताप दिसतो. एकाला ताप असेल तर त्या गुडातले (डुकरांच्या खुराड्यातले) कोणतेच जनावर कापायचे नाही, विकायचेही नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चार ते एकोणीस दिवस जाऊ शकतात, त्यामुळे शेजारचे ‘चांगले’ दिसणारे डुक्कर चांगले असेलच असे नाही. फेस्तासाठी बाहेरून विकत आणलेले डुक्कर दोन दिवस घरच्या डुकरांत बांधण्याची पद्धत याच कारणाने घातक. ते वेगळ्या जागी, वेगळ्या डोणीत. पाळण्यासाठी आणले असेल तर महिनाभर वेगळे.

‘आमच्या डुकरांना लस टोचली आहे’ हे उत्तर वारंवार मिळते. ती लस जुन्या, म्हणजे क्लासिकल स्वाइन फीवरची. ती जरूर टोचावी, दरवर्षी टोचावी; पण आफ्रिकन स्वाइन फीवर हा अगदी निराळ्या विषाणूचा रोग आहे आणि त्यावर ती काही करत नाही. दोन्हींची लक्षणे इतकी सारखी की नजरेने फरक करता येत नाही, जाणत्या डॉक्टरलाही नाही. निदान प्रयोगशाळेतच होते. पक्के शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. म्हणून तापाची खबर देताना रोगाचे नाव ओळखायच्या भानगडीत पडू नये. ‘दोन डुकरांना ताप आहे, एक मेले’ एवढे वाक्य पुरते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दोराची. गावात डुक्कर कापणारा माणूस बहुधा एकच असतो आणि सणाच्या आदल्या दिवशी तो पहाटेपासून चार-पाच घरी जातो. सुरी तो धुतो, कारण तिला धार लावायची असते. दोर कुणी धूत नाही. सुंभाचा किंवा नायलॉनचा तो दोर पायांना, जबड्याला आवळला जातो, रक्त-लाळ त्याच्या पिळांत मुरते, आणि तसाच ओला पिशवीत जाऊन तासाभराने पुढच्या घरच्या डुकराच्या तोंडात बसतो. त्याचे रबरी बूट आणि लाकडी ठोकळा यांचीही तीच कथा. उपाय खर्चाचा नाही. दोर घरमालकाने द्यावा आणि काम झाल्यावर आगीत जाळावा. ठोकळ्याऐवजी फळी घरचीच. बूट घासून, धुऊन, जंतुनाशकात बुडवूनच त्याने फाटकाबाहेर पडावे, आणि त्या दिवशी दुसऱ्या घरी गेला तरी तिथल्या डुकरांच्या गुडात पाऊल टाकू नये. जनावर बाहेर काढायचे काम घरच्यांनी करावे. मादी फळवायला गावभर फिरणारा नर आणि आजारी डुकरे पडत्या भावाने गोळा करणारी पिकअप हेही त्याच माळेचे मणी.

जंतुनाशकाबद्दल अज्ञान फार आहे. बाजारातल्या पांढऱ्या फिनेलचा वास येतो म्हणून जागा निर्जंतुक झाली असे समजू नये. कॉस्टिक सोडा दोन टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम, हे स्वस्त आणि खात्रीचे. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमची बादली चालणार नाही, ती खाल्ली जाते. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर ताजी, कोरड्या बंद डब्यातली, दहा लिटरला सुमारे पाऊण किलो. पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर म्हणजे नुसता चुना. ही दोन्ही कधी एकत्र करू नयेत आणि ब्लीचिंगच्या पाण्यात व्हिनेगर जाऊ देऊ नये, विषारी वायू सुटतो. सर्वांत मोठी चूक क्रमाची होते. रक्त, चरबी, माती तशीच असताना वर औषध ओतले तर ते रक्तावरच खर्ची पडते. रक्तातली प्रथिने विषाणूला पांघरूण घालतात. आधी खरवडायचे, मग साबणाच्या पाण्याने घासायचे, मग औषध ओतून अर्धा तास तसेच ठेवायचे आणि शेवटी धुवायचे.

जागा गुडापासून लांब, उताराची आणि शक्यतो सिमेंटची असावी, धुवणाचे पाणी एका टाकीत किंवा पिंपात जमा होईल अशी. व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतार नको. खालच्या वाड्यातली डुकरे तेच पाणी पितात. आदल्या संध्याकाळपासून बारा तास खाणे बंद, पाणी चालू. हे न पाळल्यामुळे पोट फाडताना भरलेले आतडे फुटते आणि सगळे मांस घाण होते. रक्त सोरपोतेल या मसालेदार रश्शासाठी धरतातच. न धरायचे असेल तरी ते बादलीतच आले पाहिजे, जमिनीवर नाही. केस काढायला उकळते पाणी ओतण्याची घाई करतात, त्याने कातडी आक्रसते आणि केस उलट घट्ट बसतात; बासष्ट ते चौसष्ट अंश सेल्सिअसचे पाणी चार-पाच मिनिटे पुरते. सुक्या झावळ्यांवर भाजून केस खरवडण्याची आपली जुनी पद्धत रोगाच्या दृष्टीने उजवी, कारण तीत पाणीच कमी सांडते.

पोट उघडल्यावर लगेच आतडी ओढायला लागू नये. आधी प्लीहा, म्हणजे पाणथरी, बघावी. निरोगी प्लीहा लांबट, चपटी, कडा धारदार आणि जांभळट लाल असते. ती दुप्पट-तिप्पट फुगलेली, काळी पडलेली आणि बोटाने दाबताच कुसकरणारी असेल, जठराजवळच्या आणि मूत्रपिंडाजवळच्या गाठी रक्ताच्या गुठळ्यांसारख्या दिसत असतील, मूत्रपिंडावरचा पातळ पापुद्रा सोलल्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर सुरी तिथेच खाली ठेवायची. मांस वाटायचे नाही, कुत्र्यालाही नाही. ताडपत्रीने झाकायचे, कुणाला आत-बाहेर करू द्यायचे नाही आणि डॉक्टरला बोलवायचे. नमुना काढणे त्याचे काम. तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून ठेवणारे उत्साही लोक असतात, त्याने विषाणूची तपासणी अवघड होते.

त्याच वेळी जीभ, गालाचे स्नायू, हृदय आणि खांद्याचे मांस चिरून पाहावे. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट, पाण्याने भरलेले दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे. इथे मात्र धोका थेट माणसाला आहे. अर्धकच्च्या मांसातून तो कृमी माणसाच्या आतड्यात वाढतो, आणि त्याची विष्ठेवाटे पडणारी अंडी हातातून, भाजीतून पोटात गेली की दाणे मेंदूत बसतात. फेफऱ्याचे ते एक मोठे कारण आहे. उघड्यावर शौच आणि मोकाट डुक्कर हे चक्र गोव्यात बरेच तुटले, पण कामगारांच्या वस्त्यांभोवती अजून पूर्ण तुटलेले नाही.

वापरात न येणारे आतडे, त्यातला मळ, केस, खुर हे सगळे एका जनावराचे सुमारे दहा-बारा किलो भरते. ते पुरायचे. विहिरीपासून किमान तीस मीटर लांब, वर निदान एक मीटर माती येईल इतका खोल खड्डा, तळाला आणि वर चुना, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून चिरे. रोगाने मेलेले अखंड डुक्कर असेल तर खड्डा दोन मीटरचा. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) कडेला किंवा पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या जागी खड्डा खणूच नये. तिथे पंचायतीने जागा नेमून दिली पाहिजे. रोगाने मेलेले जनावर व्हाळात किंवा नदीत ढकलणे हा २००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. रानाच्या कडेला टाकणे त्याहून वाईट. सत्तरी, सांगे, काणकोणात रानडुकरे आहेत, त्यांनाही हाच रोग होतो, आणि एकदा तो रानात शिरला की बाहेर काढण्याचा मार्ग जगात फार थोड्यांना सापडला आहे. चोरून मारलेल्या रानडुकराचे मांस गावात आणणाऱ्यांना वनखात्याची भीती नसेल, तर निदान स्वतःच्या गुडाची असावी.

चोरीसविषयी लिहिले तर काही वाचक रागावतील, तरी लिहितो. मीठ, व्हिनेगर आणि ऊन यांनी मांस टिकते, विषाणू मरत नाही. तो मारायला आम्लता पीएच ३.९ च्या खाली जावी लागते. माडाच्या सुरेचे व्हिनेगर स्वतः तेवढे आंबट असते, पण मांसात मुरले की मांस त्याची धार मारते. खारवलेल्या आणि सुकवलेल्या मांसात तो कित्येक महिने टिकतो. उष्णतेने मात्र मरतो: आतपर्यंत सत्तर अंश, अर्धा तास. रोज उकळले जाणारे सोरपोतेल त्यामुळे निर्धोक. कच्ची चोरीस खाणाऱ्या माणसालाही या रोगाचा धोका नाही. धोका आहे तो तिची साले, दोरे, गळलेला रस आणि आतडी धुतलेले पाणी डुकरांच्या डोणीत जाण्याचा.

डोणीवरून मुख्य मुद्दा आलाच. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे आणि शॅकचे खरकटे पिंपांनी आणून डुकरांना घालणे हा अनेकांचा आधार आहे, आणि त्या खरकट्यात कुठल्या राज्यातले, कुठल्या कारखान्यातले डुकराचे मांस आहे हे कुणालाच माहीत नसते. मांसाचे खरकटे घालूच नये हे उत्तम. घालायचेच असेल तर नव्वद अंशांवर पूर्ण एक तास, सतत ढवळत. वरवर एक उकळी आणल्याने काही होत नाही, तळातल्या हाडांची गाठ थंडच राहते. कच्चे पिंप आणि शिजवलेले पिंप वेगळे ठेवावे, नाहीतर सगळी मेहनत एका वगराळ्याने वाया जाते. कोंडा, पेज, बिअर कारखान्यातला भिजका भुसा, हंगामात काजूच्या बोंडांचा चोथा एवढे पर्याय आपल्याकडे आहेत.

कायदा काय म्हणतो? २००१ च्या केंद्रीय कत्तलखाना नियमांनुसार नगरपालिका क्षेत्रात मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर मारता येत नाही. गाभण, तीन महिन्यांच्या आतले, तीन महिन्यांहून लहान पिल्ले असलेले किंवा डॉक्टरने योग्य न ठरवलेले जनावर मारता येत नाही. मांस विकले की अन्न सुरक्षा कायदा लागू होतो, मग ती विक्री परसातून असो वा बाजारात. २००९ च्या कायद्याखाली रोगाचा संशय आल्यास पंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळवणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. नियमांची वाण नाही. पण पहाटे पाच वाजता कापायचे तर आदल्या रात्री प्रमाणपत्र देणार कोण, हे कुठेच लिहिलेले नाही.

म्हणून पशुसंवर्धन खात्याकडे आणि राज्यातल्या १९१ पंचायतींकडे मागणी अशी. घरी कापणाऱ्याने दोन दिवस आधी पंचायतीच्या वहीत नाव, वाडा आणि जनावरांची संख्या लिहावी, तीही फोनवरून चालावी. त्याबदल्यात खात्याने नोव्हेंबर ते मे शनिवारी संध्याकाळी तालुकावार फिरता डॉक्टर द्यावा. तपासणी फुकट असावी, कारण शंभर रुपये शुल्क लावले तरी लोक वही टाळतील. गावातल्या डुक्कर कापणाऱ्याला एक दिवसाचे प्रशिक्षण, दोन जोड बूट आणि कॉस्टिक सोडा द्यावा. साथीच्या एका दिवसाचा खर्च त्याहून जास्त होतो. आणि पत्रादेवी, केरी, मोले, पोळे या सीमेवरच्या नाक्यांवर डुकरांची गाडी अडवून कागद पाहताना हौदा आणि चाकेही धुतली जावीत. नुसत्या कागदाने चिखल जात नाही.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि सगळे अडते ते इथेच. रोग सिद्ध झाला की राष्ट्रीय कृती आराखड्याप्रमाणे एक किलोमीटरच्या परिघातली डुकरे मारावी लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावी लागते. मारलेल्या जनावराची भरपाई केंद्र व राज्य निम्मी-निम्मी देतात: १५ किलोपर्यंत २,२०० रुपये, १५ ते ४० किलोला ५,८००, ४० ते ७० किलोला ८,४००, ७० ते १०० किलोला १२,००० आणि त्यापुढे १५,०००. ही भरपाई मारलेल्या जनावरांची. खबर देण्याआधी मेलेल्याची नाही. म्हणजे पहिल्याच तापाला फोन करणाऱ्याचा फायदा आणि लपवणाऱ्याचा तोटा, असे गणित कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्याला यातले काही माहीत नसते, आणि माहीत असले तरी पैसे कधी हातात पडतील याचा भरवसा नसतो. खाटीक मात्र आजच रोख देतो. काणकोणच्या ‘अगोंडा गोवन’ या गावठी जातीची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे, आणि ती जपली आहे ती असल्याच दोन-चार डुकरे पाळणाऱ्या घरांनी. राज्याने आपल्या वाट्याची रक्कम आगाऊ वेगळी काढून, डुकरे मारल्यापासून पंधरा दिवसांत ती खात्यावर जमा करण्याचे जाहीर करावे, आणि हे दरपत्रक मराठी व कोंकणीत प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावे. नाताळच्या आधी लावले तर उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य
केपे